ताल आईचा सुटला नव्हता
आईचं माहेर धारवाडकडचं. जात्यावरची ओवी ती मराठीत म्हणते आणि बीसुव पद कन्नडमध्ये. गेल्या दिवाळीत घरच्या कॉम्प्युटरवर तिचा आवाज ध्वनिमुद्रित करायला बसलो.

आधी सुरासाठी कीबोर्ड जोडला, तर आवाजच येईना. पट्टी दाबली की पडद्यावरचा दिवा मात्र लुकलुके. तेव्हा उमगलं, १९८३ मध्ये आलेल्या मिडीतून नाद जातच नाही. कोणती पट्टी, किती जोरात, एवढा निरोप जातो. निरोप पोचत होता. तो वाजवणारं वाद्यच कॉम्प्युटरमध्ये निवडलेलं नव्हतं.

मग आईची पाळी. हेडफोनमध्ये तिला स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येई. "वय झालं रे, ताल सुटतोय," म्हणत ती उठू लागली.

चूक बफरची होती. सेकंदाला ४४,१०० नमुने घेताना १,०२४ नमुन्यांचा बफर आवाज सुमारे २३ मिलिसेकंद अडवतो; जाता-येता दुप्पट. तो १२८ वर आणला, तर एका खेपेला जेमतेम ३. खरखर आली, तर थोडा वाढवावा.

आई पुन्हा बसली. दोन्ही भाषांत गायली.

घरातल्या वडीलधाऱ्यांचा ताल चुकतोय असं वाटलं, तर आधी यंत्र तपासा.