भरती, सावली आणि चुंबकसुई : रायगडच्या किनाऱ्यावर तपासता येणारे विज्ञान

भूगोलाचा धडा पाठ होतो, परीक्षेत मार्कही मिळतात, आणि तरीही मनातल्या चुकीच्या समजुती जागच्या हलत नाहीत. त्या हलतात त्या स्वतः पाहिल्यावर. रायगड जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यांना त्यासाठी लांब जावे लागत नाही. अलिबागचा समुद्र, शाळेचे मैदान आणि पायाखालचा काळा खडक एवढे पुरेसे आहे.

गैरसमज १ : चंद्र पाणी ओढतो, म्हणून भरती चंद्राच्या बाजूलाच येते, आणि मोठी भरती पौर्णिमेचीच.

वस्तुस्थिती : तसे असते तर दिवसातून एकदाच भरती आली असती. आपल्याकडे ती दोनदा येते, साधारण १२ तास २५ मिनिटांच्या अंतराने. चंद्राचे आकर्षण अंतराप्रमाणे कमी होत जाते. चंद्रासमोरचे पाणी पृथ्वीच्या मध्यापेक्षा जास्त ओढले जाते, तर पलीकडच्या बाजूचे पाणी मध्यापेक्षा कमी ओढले जाऊन मागे राहते. त्यामुळे फुगवटा दोन्ही बाजूंना येतो. पृथ्वी फिरते तसा आपला किनारा या दोन्हींतून जातो. मधल्या काळात चंद्रही पुढे सरकलेला असतो, म्हणून भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते.

सूर्यही पाणी ओढतो. त्याचा भरतीवरचा परिणाम चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी असतो. अमावास्या आणि पौर्णिमा या दोन्ही वेळी सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळपास एका रेषेत येतात, म्हणून उधाण दोन्ही तिथींच्या आसपास येते. अष्टमीच्या सुमारास सूर्य-चंद्राची ओढ काटकोनात असते. तेव्हा भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी राहतो.

किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे : तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि नऊच्या सुमारास ओहोटी. ही रीत अंदाजापुरतीच. अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी चालत जायचे असेल तर भरतीचे वेळापत्रक पाहावे आणि तिथल्या कोळी बांधवांना विचारावे. भांगाच्या दिवसांत ओहोटीलाही पाणी पुरते उतरत नाही, आणि परतायला उशीर झाला तर वाट पाण्याखाली जाते. हे ज्ञान जीव वाचवणारे आहे.

गैरसमज २ : अमावास्येला चंद्रावर पृथ्वीची सावली पडते.

वस्तुस्थिती : पृथ्वीची सावली चंद्रावर पडते ती चंद्रग्रहणात, आणि ते पौर्णिमेलाच होते. एरवी चंद्राचा अर्धा भाग नेहमीच उजळलेला असतो. अमावास्येला तो उजळ भाग आपल्या विरुद्ध दिशेला असतो, एवढेच.

गैरसमज ३ : रोज दुपारी बाराला सूर्य बरोबर डोक्यावर येतो.

वस्तुस्थिती : अलिबाग सुमारे १८.६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे सूर्य अगदी माथ्यावर वर्षातून दोनदाच येतो : मेच्या मध्याच्या सुमारास आणि जुलैच्या अखेरीस. या दोन दिवसांच्या मधल्या काळात मध्यान्हीचा सूर्य चक्क उत्तरेकडे असतो आणि सावली दक्षिणेला पडते. २१-२२ डिसेंबरला मात्र एक मीटर उंच काठीची मध्यान्हीची सावली सुमारे ९० सेंटिमीटर भरते.

मध्यान्हही बाराला होत नाही. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे आणि अलिबाग ७३ अंशांच्या जवळ, म्हणजे बरेच पश्चिमेला. त्यामुळे इथली मध्यान्ह घड्याळात सरासरी १२ वाजून ३८ मिनिटांच्या आसपास होते.

गैरसमज ४ : उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ असते.

वस्तुस्थिती : पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला (सुमारे १४.७ कोटी किमी) आणि सर्वांत दूर जुलैच्या सुरुवातीला (सुमारे १५.२ कोटी किमी). ऋतू होतात ते पृथ्वीचा अक्ष सुमारे २३.५ अंशांनी कललेला असल्याने. जूनमध्येही सूर्य जवळपास माथ्यावरच असतो, पण मोसमी ढग आणि पाऊस उकाडा कमी करतात. म्हणून आपल्याला मे महिना जास्त तापलेला वाटतो.

गैरसमज ५ : पृथ्वीच्या पोटात मोठा लोहचुंबक आहे.

वस्तुस्थिती : लोखंड सुमारे ७७० अंश सेल्सिअसच्या वर तापले की कायम चुंबक राहू शकत नाही, आणि पृथ्वीचा गाभा त्याहून कितीतरी तप्त आहे. चुंबकीय क्षेत्र निर्माण होते ते बाह्य गाभ्यातल्या वितळलेल्या, वाहत्या लोहात खेळणाऱ्या विद्युतप्रवाहांमुळे. म्हणूनच ते स्थिर नाही, सतत बदलते.

हे बदल अलिबागला १९०४ पासून मोजले जात आहेत. त्याआधी हे काम मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चाले. सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड सौर वादळाची नोंद तिथेच झाली. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामचा बेत ठरला. तिच्या विद्युतप्रवाहाने नोंदी बिघडल्या असत्या, म्हणून वेधशाळेचे संचालक नानाभॉय मूस यांच्या काळात चुंबकीय मोजमाप अलिबागला हलवले गेले. इथल्या वेधशाळेच्या इमारतींसाठी पोरबंदरचा दगड वापरला, कारण तो चुंबकीय नाही. आपल्या काळ्या खडकात मात्र चुंबकीय लोहखनिज असते. आज ही वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्था चालवते; संस्थेचे मुख्यालयही रायगडातच, नवीन पनवेलला आहे.

गैरसमज ६ : गरम पाण्याचा झरा म्हणजे खाली जिवंत ज्वालामुखी.

वस्तुस्थिती : आपला काळा खडक, म्हणजे बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. तो मुख्यतः जमिनीच्या लांबलचक भेगांतून वाहिला आणि थरावर थर साचले. आज इथे जिवंत ज्वालामुखी नाही. महाडजवळच्या सव येथील झऱ्यासारख्या ठिकाणी पाणी भेगांतून खोल उतरते, तिथल्या उष्णतेने तापते आणि पुन्हा वर येते. खोली एक किलोमीटर वाढली की तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी चढते.

शिक्षकांनी एवढे जरूर करावे : मैदानात एक काठी उभी रोवून सर्वांत आखूड सावलीची वेळ टिपायला लावावी, आणि महिनाभर भरतीची वेळ तिथीसह लिहायला लावावी. बाराला सावली सर्वांत आखूड का नव्हती, हा प्रश्न मुले मग स्वतःच विचारतील. तो प्रश्न आला की धडा पाठ करण्याची गरज उरत नाही.