मराठीसह २२ भाषा संगणकाला शिकवणारे चेन्नईतील प्राध्यापक मितेश खापरा

चेन्नई : झाडाचे पान, पुस्तकाचे पान, विड्याचे पान आणि पंगतीत वाढलेले पान. मराठी माणसाला यातला नेमका अर्थ वाक्यावरून सहज उमगतो. संगणकाला मात्र तो शिकवावा लागतो. आयआयटी मद्रासमध्ये कृत्रिम बुद्धिमत्ता शिकवणारे प्रा. मितेश खापरा यांच्या संशोधनाचा आरंभ याच प्रश्नापासून झाला.

खापरा यांनी आयआयटी मुंबईतून २००८ मध्ये एम.टेक. आणि २०१२ मध्ये पीएच.डी. पूर्ण केली. एका भाषेसाठी तयार झालेली सामग्री दुसऱ्या भाषेसाठी कशी वापरता येईल, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. प्रा. पुष्पक भट्टाचार्य व अन्य सहकाऱ्यांसह २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात त्यांनी हिंदी सामग्रीच्या आधारे मराठी शब्दांचा अर्थ निश्चित करण्याची पद्धत मांडली. प्रत्येक शब्दाच्या अर्थाची नोंद असलेला मजकूर तयार करणे खर्चिक असते.

उसनवारीची मर्यादा

मात्र अशा उसनवारीला मर्यादा आहेत. हिंदीत झाडाच्या पानाला 'पत्ता', तर पुस्तकाच्या पानाला 'पन्ना' म्हणतात. प्रत्येक भाषेची अर्थरचना वेगळी असल्याने तिची स्वतःची सामग्री हवीच. यंत्र उदाहरणांवरून शिकते. इंग्रजीत अशी उदाहरणे विपुल आहेत. भारतीय भाषांत मात्र भाषांतरित वाक्यांच्या जोड्या आणि लिप्यंतरित ध्वनिमुद्रणे दोन्ही तोकडी आहेत.

आयबीएमच्या भारतातील संशोधन विभागात काही वर्षे काम केल्यानंतर खापरा चेन्नईत आले. प्रत्यूष कुमार व अन्य सहकाऱ्यांसह त्यांनी 'एआय४भारत' हा उपक्रम उभारला. रोहिणी आणि नंदन नीलेकणी यांच्या ३६ कोटी रुपयांच्या देणगीतून जुलै २०२२ मध्ये आयआयटी मद्रासमध्ये त्यासाठी स्वतंत्र केंद्र सुरू झाले. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील सर्व २२ भाषांचे भाषांतर करणारी 'इंडिकट्रान्स-२' ही प्रणाली २०२३ मध्ये खुली करण्यात आली. तिच्यासाठी सुमारे २३ कोटी वाक्यजोड्या वापरण्यात आल्या.

बोलण्याची नोंद

त्यानंतर लक्ष वळले ते उच्चारित भाषेकडे. २०२४ मध्ये मांडलेल्या 'इंडिकव्हॉइसेस' संग्रहात १४५ जिल्ह्यांतील १६,२३७ व्यक्तींचे ७,३४८ तासांचे ध्वनिमुद्रण होते. त्यातील केवळ ९ टक्के भाग वाचून दाखवलेला होता. ७४ टक्के उत्स्फूर्त बोलणे, तर १७ टक्के संभाषण होते. या प्रमाणाला महत्त्व आहे. पीक विम्याची चौकशी करणारा शेतकरी दूरध्वनीवर छापील मराठीत बोलत नाही. तो अडखळतो, मध्येच इंग्रजी शब्द वापरतो, वऱ्हाडी किंवा मालवणी वळणाने बोलतो. केवळ वाचिक मराठीवर शिकलेल्या यंत्राला त्याचे म्हणणे कळण्याची शक्यता कमी.

'टाइम' नियतकालिकाने २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्ता क्षेत्रातील शंभर प्रभावशाली व्यक्तींच्या यादीत खापरा यांचा समावेश केला.

न्यायालयीन किंवा वैद्यकीय मजकुरात एका शब्दाची चूकही महागात पडू शकते; त्यामुळे यंत्राच्या भाषांतरावर जाणकाराची नजर आवश्यकच राहते. मात्र सरकारी सेवा दूरध्वनीवर आणि पडद्यावर येत असताना, इंग्रजी न जाणणाऱ्या नागरिकाला त्या स्वतःच्या भाषेत मिळतील की नाही, हे आज जमा होणाऱ्या या सामग्रीवर मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे.