उड्यांच्या घोड्याला लगाम कोणता?

दाभोळच्या धक्क्यावरून आज धोपाव्याची फेरीबोट सुटते. साडेपाचशे वर्षांपूर्वी याच खाडीत जहाजांतून घोडे उतरायचे. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी बहमनी काळात एक घोडा घेऊन चौलला आला. जुन्नरच्या खानाने तो घोडा काढून घेतला आणि मध्यस्थी झाल्यावर परत दिला. पुढे काही वर्षांनी निकितिन मायदेशी निघाला तो दाभोळहूनच. दाभोळ हे फार मोठं बंदर असून इथे दूरदूरच्या मुलखांतून घोडे येतात, अशी नोंद त्याने केली आहे. ते घोडे घाट चढून देशावर गेले. कोकणात घोडा फारसा राहिला नाही; कातळ, लाल चिखल आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, यात त्याला सांभाळणं जिकिरीचंच.

आता रत्नागिरीकडच्या मुलांना घोडा भेटतो तो गणपतीपुळ्याच्या वाळूत, नाहीतर शिकायला पुण्या-मुंबईला गेल्यावर तिथल्या रायडिंग स्कूलमध्ये. शोजंपिंगची गोडी लागली की वर्ष-दोन वर्षांत ठरलेला प्रश्न येतो. घोडा ताकदीचा आहे, उडी झकास मारतो, पण जंप दिसली की डोकं वर करून सुटतो, हात खांद्यातून निखळायची वेळ येते. याला कोणता लगाम घालू?

आपल्याकडे या प्रश्नाचं मूळ पुष्कळदा रेसकोर्सवर असतं. महालक्ष्मीला किंवा पुण्याला धावून निवृत्त झालेले थरोब्रेड रायडिंग स्कूलमध्ये येतात आणि त्यांतले चपळ घोडे जंपिंगला लागतात. या घोड्याला दोन वर्षांचा असल्यापासून एक गोष्ट शिकवलेली असते. जॉकीने रास आखूड धरली, हात घट्ट केले, की त्या हातावर रेलायचं आणि पळायचं. तोच घोडा चार वर्षांनी आपल्याखाली येतो. आपण घाबरून रास ओढतो ती थांबण्यासाठी, त्याला ऐकू येतं ‘पळ’. त्याला मुजोर म्हणणं अन्यायाचं आहे. तो शिकवलेलं इमानाने करतो आहे.

दुसरं कारण याहून जुनं आहे. घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी. दुखलं की तो दुखण्यापासून लांब पळतो, आणि दुखणं तोंडातच असेल तर ते त्याच्याबरोबरच पळतं. पाचशे किलोच्या जनावराला साठ किलोचा माणूस दंडाच्या जोरावर थांबवूच शकत नाही. म्हणून ‘घोडा जोरकस, तर लगामही जोरकस’ हा हिशेब मला मुळातच चुकीचा वाटतो. फिनलंडमध्ये पशुवैद्यांनी शर्यतीनंतर २६१ ट्रॉटर घोड्यांची तोंडं तपासली, तेव्हा ८४ टक्के घोड्यांना लगामाच्या जागी ताज्या जखमा होत्या. बाहेरून रक्त फार थोड्यांच्या तोंडाला दिसलं होतं. गाडीच्या शर्यतीचे घोडे वेगळे, जंपिंगचे वेगळे, हे मान्य. पण लगामाखाली काय चाललं आहे ते बाहेरून कळत नाही, एवढं त्यातून नक्की समजतं.

तेव्हा दुकानात जाण्याआधी तोंड बघावं. घोड्याच्या डाव्या अंगाला उभं राहून ओठाच्या कोपऱ्यातून अंगठा आत सरकवला की दात लागत नाहीत. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते. तिथलं हाड सुरीच्या पाठीसारखं निमुळतं असतं आणि त्यावर हिरडीचा पातळ थर. लगाम बसतो तो याच हाडावर आणि जिभेवर. बोटाने हलकेच चाचपावं. निरोगी हिरडी गुलाबी आणि गुळगुळीत लागते. खडबडीत उंचवटा लागला, किंवा बोट टेकताच घोड्याने मान झटकली, तर अर्धं उत्तर मिळालं. मग वरच्या पहिल्या दाढेच्या पुढे एखादा बारका लांडगेदात आहे का, ते पाहावं. लगाम त्यावर आपटत असेल तर घोडा डोकं उडवणारच. दाढांच्या कडा झिजून धारदार होतात आणि गालाचं आतलं कातडं कापतात. त्या कानशीने घासून घेण्याचं काम वर्षातून एकदा तरी पशुवैद्याकडून व्हायला हवं. जोरकस म्हणून बदनाम झालेला घोडा कानशीनंतर निवळल्याची उदाहरणं घोडेवाल्यांत कोणीही सांगेल.

तोंड निरोगी असेल तर सुरुवात साध्या स्नॅफलपासून. यात रास थेट तोंडातल्या पट्टीच्या कडीला लागते. हाताचा एक किलो जोर तोंडात एक किलोच पोचतो. पण साध्यातही प्रकार आहेत. मध्ये एकच सांधा असलेला स्नॅफल ओढला की दुमडतो आणि जीभ चिमटतो. दोन सांधे आणि मध्ये गोलसर दाणा असलेला जिभेवर पसरून बसतो. कित्येक उतावळे घोडे एवढ्या बदलानेच हातात येतात. कडी सुटी फिरणारी असेल तर रेलणाऱ्या घोड्याला टेकायला पक्की जागा मिळत नाही. डी आकाराची किंवा बाजूला दांडी असलेली कडी वळताना गालाकडून मदत करते. जाड लगाम तेवढा मऊ, हा समज मात्र सरसकट खरा नाही. थरोब्रेडचं तोंड लहान, जीभ मांसल. त्यात जाडजूड पट्टी कोंबली तर त्याला तोंडच मिटता येत नाही. रुंदी अशी हवी की दोन्ही बाजूंना ओठाबाहेर साधारण अर्धा सेंटिमीटर मोकळा राहील. आणि किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी धातूकडे खास लक्ष द्यावं. खाऱ्या हवेत स्वस्त लोखंडाला खवले धरतात आणि ते जिभेला कापतात. चांगलं स्टेनलेस स्टील इथे परवडतं.

झेनोफोन या ग्रीक सेनानीने सुमारे २४०० वर्षांपूर्वी स्वाराजवळ दोन लगाम असावेत असं सांगितलं, एक गुळगुळीत आणि एक खरखरीत. खरखरीताची धास्ती बसली की घोडा गुळगुळीतावर हलका चालेल, हा त्याचा तर्क. ताठ लगामापेक्षा लवचीक बरा, हेही त्याचंच. दुसरं मला पटतं; पहिलं आज करू नये. आपल्याकडे तर १९६५ च्या नियमांनी काटे किंवा टोकं असलेला लगाम वापरायला बंदी आहे. तरी वरातीच्या घोडीच्या तोंडात आणि टांग्याच्या घोड्याच्या तोंडात काटेरी लगाम अजून सापडतो. तो दिसला की बोललं पाहिजे.

स्नॅफलच्या पुढची पायरी तरफेची. पेलममध्ये पट्टीच्या वर आणि खाली दांडी असते आणि हनुवटीच्या खोबणीत साखळी. वरची दांडी ५ सेंटिमीटर आणि खालची १० असेल, तर हाताचा एक किलो साखळीवर दोन किलो होतो आणि जबड्यावर सुमारे तीन. हे गणित ज्याला माहीत नाही त्याने पेलम हातात घेऊ नये. जोराने हातावर रेलणाऱ्या घोड्याला हलक्या हाताचा पेलम उपयोगी पडतो. दोन राशी लावाव्यात, वरची कामाची आणि खालची गरजेपुरती. गॅगचं उलट. तो तोंडाच्या कोपऱ्यांवर आणि कानांमागे दाबतो, डोकं उचलतो. डोकं आधीच आभाळात घालून पळणाऱ्या घोड्याला तीन कड्यांचा गॅग घालणं, आणि तेही रास सर्वांत खालच्या कडीला लावून, ही मी पाहिलेली सर्वांत सर्रास चूक. असा घोडा पाठ खोलगट करतो आणि मागच्या पायांनी दांडे पाडतो. तोंडाला जखम असलेल्या किंवा लगामाचीच धास्ती घेतलेल्या घोड्याला हॅकमोर बघावा. त्यात तोंडात काहीच नसतं. पण नाकावर आणि हनुवटीखाली तीच तरफ असते, म्हणून तोही निरुपद्रवी नव्हे.

नोजबँड, म्हणजे नाकाभोवतीचा पट्टा, आवळून तोंड बंद करणं हा उपाय नाही. नाकाच्या हाडावर दोन बोटं सहज जावीत इतका तो सैल हवा. घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०२५ पासून त्यासाठी मोजण्याचं साधनच आणलं आहे.

खरं काम लगामाबाहेर आहे. जंपिंगमध्ये घोड्याचं एक पाऊल साधारण ३.६ मीटरचं धरतात आणि दोन जंपांमधली अंतरं त्यावरच आखलेली असतात. उतावळा घोडा लांब, सपाट पावलं टाकत येतो आणि जंपेच्या फार जवळ किंवा फार लांबून उडतो. जमिनीवर दांडे मांडून त्याला दुडकीत, मग संथ कँटरमध्ये त्यांवरून नेलं, बुटक्या जंपांची रांग लावली, की अंतरच त्याला पाऊल आवरायला शिकवतं. उडीनंतर सरळ रेषेत थांबा, मग वर्तुळ, मग पुन्हा चाल. खुराकही बघावा. बावीस तास तबेल्यात उभा आणि पुढ्यात ओट नि हरभरा, असा घोडा तासाभरात सगळं साठलेलं बाहेर काढणारच. पावसाळ्यात काम थांबलं तर दाणाही कमी करायला हवा, आणि ऑक्टोबरमध्ये जंपांवर जाण्याआधी दोन-तीन आठवडे नुसतं चालवायला हवं.

मोठे स्वार लगाम बदलत नाहीत असं नाही. मुंबईत घडलेला इम्तियाज अनीस २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये इव्हेंटिंगला उतरला होता. ड्रेसाज, क्रॉसकंट्री आणि जंपिंग असा तो तीन अंगांचा खेळ. ड्रेसाजला नियमात बसणारा सौम्य लगाम आणि मोकळ्या मैदानात भरधाव पळताना थोडा जास्त पकडीचा, असा बदल या खेळात सर्रास चालतो. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताने ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण मिळवलं, १९८२ नंतरचं घोडेस्वारीतलं पहिलं सुवर्ण. मुंबईचा हृदय छेडा त्या संघात होता. ड्रेसाजच्या वरच्या पातळीवर घोड्याच्या तोंडात एकाच वेळी दोन लगाम दिसतात, स्नॅफल आणि साखळीवाला कर्ब. ते जोरासाठी नसतात. तिथे करंगळीच्या हालचालीवर काम चालतं.

आपल्या घोड्याला नवा लगाम द्यायचाच तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पहिले तीन-चार दिवस सपाट जमिनीवर, मग दांड्यांवर, मग बुटक्या जंपांवर, आणि स्पर्धेला सगळ्यांत शेवटी. स्पर्धेसाठी पेलम लागत असेल तर घरी रोजचं काम स्नॅफलमध्येच ठेवावं. उतरल्यावर लगाम काढून ओठांचे कोपरे आणि ते मधलं हाड बोटाने तपासावं. लाल रेघ दिसली तर आठवडाभर तोंडात काही घालू नये. कॅव्हेसन, म्हणजे नाकावरच्या पट्ट्याचा म्होरका, आणि लांब दोरी यांवर वर्तुळात काम चालू ठेवता येतं.