तीन मिनिटं चाळीस सेकंद

पहाटे 5.30. रत्नागिरीजवळचं गोळप. वहिनी पडवीत पेंढ्याची अढी उलगडतायत. एकेक आंबा उचलून देठाशी वास घेतात. फोन खुंटीवरच्या पिशवीत आहे. रात्रीतून 31 मेसेज आलेत, पण आंब्याचं काम उरकेपर्यंत त्या फोनला हात लावत नाहीत.

7.00. तोडणी. चार गडी, रोज 600 रुपये, चहा-जेवण वेगळं. हातात दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला. आंबा देठासकट उतरतो, चीक सालीवर ओघळत नाही. चौदा आणे तयार झालेलंच फळ काढायचं, तेही ऊन चढायच्या आत.

10.15. हात धुऊन वहिनी फोन घेतात. 2020 च्या टाळेबंदीत वाशीच्या बाजाराचा भरवसा राहिला नाही, तेव्हा लेकाने व्हॉट्सॲपवर गिऱ्हाइकांची ब्रॉडकास्ट यादी करून दिली. एका यादीत 256 जण, आणि ज्याने वहिनींचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. पहिल्या वर्षी कोणी काहीही विचारलं तरी उत्तर एकच, डझनाचा भाव. एकाने लिहिलं होतं, "आईला साखर आहे, लहान फळं मिळतील का?" त्यालाही भावच गेला. तो पुन्हा आला नाही. हे सांगताना वहिनींचा आवाज खाली जातो.

10.40. डोंबिवलीच्या एका आजींचा व्हॉइस मेसेज. तीन मिनिटं चाळीस सेकंद. लेक असले मेसेज दीडपट वेगाने पळवतो. वहिनी पायरीवर बसून ऐकतात. आधी गुडघे, मग नातीची परीक्षा, मग पाण्याचा टँकर. मुद्दा येतो शेवटच्या वीस सेकंदांत. मागच्या पेटीत तीन आंब्यांना साका निघाला, आणि त्यातला एक नेमका जावयाच्या पानात.

साका, म्हणजे गरातला पांढरट, स्पंजासारखा भाग, बाहेरून दिसत नाही, कापल्यावरच कळतो. हे उत्तर खरं आहे, पण वहिनी तिथून सुरुवात करत नाहीत. "आजी, जावईबापूंच्या पानात असा आंबा गेला, मला फार वाईट वाटलं. तीन आंबे पुढच्या पेटीत घालते. खोक्यावर बॉलपेनने आकडा आहे, तेवढा वाचून सांगाल?"

पाच मिनिटांनी उत्तर येतं: 17.

वही निघते. 17 म्हणजे कातळाला लागून असलेली रांग. त्या आकड्यापुढे आधीच्या दोन फुल्या आहेत, ही तिसरी. कातळ तापला की त्याची धग फळाला लागते आणि आत साका धरतो. आपल्या बागेतली ही गोष्ट वहिनींना तीन घरांतल्या सुऱ्यांनी सांगितली. मला हे फार मोलाचं वाटतं.

1.30. भरणी. खोका 45 रुपये, चिकटपट्टी वेगळी. प्रत्येक खोक्यावर रांगेचा आकडा.

3.00. फेसबुकवर बागेच्या फोटोखाली कोणीतरी लिहिलंय, "कर्नाटकचा आंबा रत्नागिरी म्हणून खपवता." लेकाने चार तिखट ओळी लिहून ठेवल्यात. वहिनी त्या पुसतात आणि विचारतात, "दादा, कुठे फसलात?" तो सांगतो. हायवेवर घेतलेली पेटी, वर रत्नागिरीचं छापील नाव. वहिनी त्याला 2018 साली कोकणच्या हापूसला मिळालेल्या भौगोलिक मानांकनाबद्दल दोन ओळी लिहितात. आमच्याकडून घ्या, असं म्हणत नाहीत.

5.30. टेम्पो भाट्याच्या पुलावरून शहराकडे जातो. 22 खोकी.

रात्री 9.00. आजींचा मेसेज, या वेळी चाळीस सेकंदांचा. नातीचा पेपर सोपा गेला. वहिनी तोही पूर्ण ऐकतात, मग अंगणाकडे तोंड करून गड्याला हाक मारतात, "उद्या सतराच्या रांगेखाली सुकं गवत पसरा रे, जाड."