हळदणकरांच्या दिव्यापाशी पिकाचू

एका हातात दिवा, दुसऱ्या हाताने ज्योतीला दिलेला आडोसा आणि बोटांतून झिरपणारा तांबूस प्रकाश. हे स्त्रीचित्र छापील प्रतींतून घरोघरी पोहोचलेले आहे. आता त्या हाताआड ज्योतीऐवजी पिवळाधमक पिकाचू बसला असून त्याच्या गालांतून उडणाऱ्या ठिणग्यांनी तिचा चेहरा उजळला आहे, अशी कल्पना करावी. अभिजात चित्रात लोकप्रिय मालिका, खेळ वा चित्रपटांतील प्राणी संगणकाच्या साहाय्याने आणून बसवण्याचा प्रकार आज जगभर रूढ झाला आहे. बेळगाव-निपाणी पट्ट्यातील चित्रकलेच्या विद्यार्थ्याच्या हातीही आता तीच साधने आहेत.

याला नुसता पोरखेळ म्हणून उडवून लावता येणार नाही. आम्स्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयाने २०२३ मध्ये आपल्या पन्नाशीच्या वर्षात पोकेमॉनशी रीतसर हातमिळवणी केली. व्हॅन गॉगच्या १८८७ मधील करड्या टोपीतील आत्मचित्राच्या धर्तीवर टोपी घातलेला पिकाचू तेथे झळकला. त्या चित्राचे मोफत कार्ड मिळवण्यासाठी एवढी झुंबड उडाली की, सुरक्षेच्या कारणास्तव संग्रहालयाला कार्डवाटप थांबवावे लागले.

आपल्याकडेही ही वृत्ती नवी नाही. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि देवदेवतांची चित्रे सामान्यांच्या भिंतींवर आली. त्या छापील लक्ष्मी-सरस्वतींना हौशी हातांनी जर आणि टिकल्या लावून सजवले. मूळ चित्रावर आपली भर घालण्याचाच तो प्रकार होता. संगणक नव्हता, इतकेच.

तंत्राच्या दृष्टीने पाहता प्राणी कापून चिकटवणे हे सर्वांत सोपे काम. खरी कसोटी प्रकाशाची असते. मूळ चित्रात उजेड कोठून येतो, छाया किती मऊ आहे, रंग उबदार आहे की थंड, हे आधी ओळखावे लागते. नव्या आकृतीचा उजेड आजूबाजूच्या वस्तूंवरही पडलेला दिसला पाहिजे. दिवेवालीचे चित्र तर या बाबतीत फारच कठीण, कारण ते जलरंगात आहे. पारदर्शक जलरंगात कागदाचा पांढरेपणा आतून चमकतो. त्यावर संगणकातील सपाट, अपारदर्शक पिवळा ठेवला की तो भिंतीवर डकवलेल्या जाहिरातीसारखा उपरा दिसतो. जाणकार कलाकार म्हणूनच पातळ रंगांचे अनेक थर देतात, कागदाचा पोत वरून पुन्हा आणतात आणि कडा विरघळू देतात. बेळगावला हे शिक्षण परके नाही. के. बी. कुलकर्णी यांच्यासारखा वास्तववादी परंपरेतील गुरू या शहराला लाभला आणि त्यांच्या हाताखाली बेळगावचेच रवी परांजपे घडले. प्रकाश वाचण्याची ती शिस्त पडद्यावर काम करतानाही उपयोगी पडते. यंत्राला एक वाक्य सांगून क्षणात चित्र मिळवणाऱ्याला मात्र ती शिस्त कळतच नाही, आणि चित्र फसले तर ते का फसले हेही उमगत नाही.

आता प्रश्न परवानगीचा. भारतीय कायद्यानुसार चित्रावरील स्वामित्वहक्क सर्वसाधारणपणे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. रविवर्मा १९०६ मध्ये निवर्तले. त्यांची चित्रे केव्हाच खुली झाली आहेत. दिवेवालीचे तसे नाही. ते चित्र सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे, १९४५-४६ च्या सुमाराचे. हळदणकरांचे निधन १९६८ मधले, म्हणजे या हिशेबाने हक्काची मुदत २०२८ अखेरपर्यंत चालते. पिकाचूचे मालक तर वेगळेच आहेत. घरी सरावासाठी असे चित्र करणे एक आणि ते टी-शर्टवर छापून विकणे दुसरे. विक्री करायची तर दोन्हीकडची परवानगी हवी. गंमत म्हणून केले, हा बचाव पुरेसा ठरेलच असे नाही, कारण आपल्या कायद्यात विडंबनासाठी स्वतंत्र सवलत लिहिलेली नाही.

त्याहून जिव्हाळ्याची बाब नावाची आहे. हे चित्र रविवर्म्यांचे, असे आजही कित्येक जण ठामपणे सांगतात. प्रत्यक्षात हळदणकर सावंतवाडीचे, गोव्याच्या वेशीपलीकडचे. चित्रासाठी उभी राहिली ती त्यांची कन्या गीता. निपाणीहून तासाभराच्या अंतरावरील कोल्हापुरात २०१८ मध्ये, वयाची शंभरी ओलांडल्यावर त्यांचे निधन झाले. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. पिकाचूचे नाव पोरासोरांना तोंडपाठ असते. अशा नव्या चित्राखाली ‘मूळ चित्र : सा. ल. हळदणकर’ एवढी एक ओळ टाकायला संगणकावर अर्धे मिनिटही लागत नाही.