बापलेकांनी घडविलेले वाद्य

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आमच्या नातवाने माळ्यावरील झोपाळ्याचा पाट मागितला, तेव्हा घरात जो गहजब उडाला त्यातूनच हा लेख जन्मास आला आहे. हा पाट आमच्या वडिलांच्या ओसरीवरचा. अस्सल सागवानी, चांगला पावणेदोन इंच जाडीचा. वाडा पडला, कड्या मोडीत गेल्या, पण पाट कोणी हलवू दिला नाही. 'कशाला हवा?' असे विचारता सोळा वर्षांचे चिरंजीव म्हणाले, 'आजोबा, त्याची मी विजेची गिटार करणार आहे.' आमचे ज्येष्ठ बंधू भरल्या पानावरून उठले नाहीत, एवढेच. खरे सांगावयाचे तर आम्हीही प्रथम 'नाही' म्हणूनच मोकळे झालो. परंतु जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसास एक खोड जडलेली असते. नकार दिला तरी विद्यार्थ्याचे म्हणणे पुरते ऐकल्यावाचून त्यास चैन पडत नाही. रात्री त्यास जवळ बसवून विचारले, तेव्हा त्याने एका इंग्रज मुलाची हकीकत सांगितली. ती आम्ही पुढे सवडीने पडताळून पाहिली, आणि मुलेबाळे असलेल्या घरांतून वाचली जावी अशी वाटली, म्हणून येथे देत आहो.

लंडनच्या पश्चिमेस फेल्टॅम नावाचे उपनगर आहे. तेथे हॅरॉल्ड मे नावाचे गृहस्थ राहत. विमानखात्यात इलेक्ट्रॉनिक्सचे काम, मिळकत बेताची, आणि हात मात्र कमालीचे कुशल. घरचा टेलिव्हिजनदेखील त्यांनी स्वतः जुळविलेला होता. ब्रायन हा त्यांचा एकुलता एक मुलगा; जन्म १९ जुलै १९४७ चा. वडिलांनीच त्यास प्रथम युकुलेले-बँजो वाजविण्यास शिकविले, आणि सातव्या वाढदिवसास एक साधी गिटार घेऊन दिली. पुढे विलायतेत मुलांना विजेच्या गिटारीचे वेड लागले. फेंडर, गिब्सन ही अमेरिकन नावे ज्याच्या त्याच्या तोंडी होती. परंतु त्या वाद्यांच्या किमती या घराच्या ऐपतीपलीकडच्या. तेव्हा ऑगस्ट १९६३ मध्ये बापलेकांनी घरातल्या घरात वाद्य घडविण्यास आरंभ केला. ते पुरे होण्यास सुमारे दोन वर्षे लागली. एकंदर खर्च आठ पौंडांच्या आसपास झाला, असे सांगतात.

येथे वाचकांची थोडी रजा घेऊन या वाद्याचे मर्म सांगितले पाहिजे. भरताने नाट्यशास्त्रात वाद्यांचे तत, अवनद्ध, घन व सुषिर असे चार वर्ग केले, ते आपणांस ठाऊक आहेतच. गिटार हे उघडच ततवाद्य होय. पण वीणेस वा सतारीस भोपळ्याची जी गरज असते, ती विजेच्या गिटारीस उरत नाही. तिच्या तारांखाली लोहचुंबक असतो व त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. वरची पोलादी तार कंप पावली की चुंबकाच्या क्षेत्रात फेरफार होतो आणि त्या वेढ्यांत क्षीण वीज उत्पन्न होते. फॅरडेने १८३१ साली दाखविलेले तत्त्व ते हेच. ती वीज वर्धकात वाढवून ध्वनिक्षेपकाकडे दिली, म्हणजे नाद ऐकू येतो. या वेढ्यांच्या डबीस 'पिकअप' म्हणतात. पितळेच्या तारेवर हा प्रयोग चालत नाही. तार पोलादीच हवी. आमच्या नातवाने हे आम्हांस जेवणघरात एक सुई व एक चुंबक घेऊन समजाविले. शास्त्राच्या तासाला हे महाशय एवढे लक्ष देत असतील, अशी आमची समजूत नव्हती!

आता सामानाची कथा ऐका. वाद्याची दांडी निघाली ती एका जुन्या घराच्या शेकोटीवरील महोगनीच्या तुळईतून. शंभर वर्षांहून जुने लाकूड. त्यात कीड लागून भोके पडलेली. मुलाने ती भोके आगकाड्यांचे तुकडे ठोकून बुजविली आणि साध्या चाकूने तासून दांडीस आकार दिला. मधला ठोकळा जुन्या ओकच्या टेबलाचा. त्याच्या दोहों बाजूंस हलके लाकूड, त्यात मुद्दाम ठेवलेल्या पोकळ्या, आणि वरून महोगनीचा पातळ पापुद्रा. दांडीवर खुणेसाठी जे शिंपल्याचे ठिपके बसविले, ते आईच्या शिवणाच्या डब्यातील बटणांचे. कडेला लावलेली पांढरी पट्टी फडताळाच्या कडेस लावतात ती. एकूण एक वस्तू घरातल्या अडगळीतून आलेली!

पडद्यांचे काम मात्र अडगळीने भागत नाही. आपल्या सतारीचे पडदे तातेने बांधलेले असल्यामुळे वादक ते सरकवून स्वर जुळवून घेतो. गिटारीचे पडदे एकदा ठोकले की कायमचे. चूक झाली तर तीही कायमची. येथे तारेची लांबी २४ इंच ठरविली होती व पडदेही २४ बसवावयाचे होते. प्रत्येक पडद्यास उरलेली लांबी १.०५९५ या संख्येने भागीत जावयाचे, असा हिशेब आहे. पहिला पडदा सुमारे १.३५ इंचावर येतो, बारावा बरोबर १२ इंचांवर आणि चोविसावा १८ इंचांवर. भूमितिश्रेढी शिकविताना 'याचा उपयोग काय?' असे विचारणारी मुले आम्हांस दरवर्षी भेटत. हे उदाहरण तेव्हा हाताशी असते, तर आमची पुष्कळ पंचाईत टळली असती.

सर्वांत नवल वाटते ते तारा सैल-ताठ करण्याच्या युक्तीचे. वादकाने एक दांडा दाबला की सर्व तारांचे स्वर एकदम खाली यावेत व सोडताच अचूक जागी परतावेत, अशी सोय या मुलास हवी होती. विकतच्या वाद्यांत अशा वेळी तारा घर्षणामुळे अडकतात व बेसूर होतात. त्याने तारा धरणारी पट्टी तराजूच्या दांडीप्रमाणे पोलादी धारेवर टेकविली, आणि तारांच्या ओढीस तोलण्यासाठी १९२८ सालच्या एका पँथर मोटारसायकलच्या झडपेच्या दोन स्प्रिंगा बसविल्या. तारा जेथे टेकतात तेथे फिरत्या चाकोऱ्या ठेवल्या. दाबावयाचा दांडा सायकलच्या बैठकीमागील पिशवी अडकविण्याच्या सळईचा, आणि त्याच्या टोकास आईची विणकामाची सुई. त्या माउलीच्या डब्यात शेवटी काय उरले असेल, हे तिलाच ठाऊक.

सगळेच साधले असे नाही. पिकअपही मुलाने प्रथम घरीच गुंडाळले होते. ते वाजत चांगले, पण तार बोटाने आडवी ओढली की मध्येच खरखर उमटे. चुंबकांची मांडणीच तशी झाली होती. अखेर ते काढून बर्न्स कंपनीचे तीन विकत आणले. इतक्या उद्योगी मुलानेही जेथे विकतचे घेणे शहाणपणाचे, तेथे ते घेतले, हे आम्हांस विशेष आवडले. त्या तीन पिकअपांस त्याने निरनिराळ्या कळी लावल्या. एक कळ चालू-बंद करण्याची, दुसरी प्रवाहाची दिशा उलटविण्याची. त्यामुळे दोन पिकअपांचे नाद कधी एकमेकांत मिळतात, तर कधी एकमेकांस खोडून बारीक व टोकदार होतात. शेवटी लाकूड घासून गुळगुळीत करावयाचे व त्यावर पारदर्शक रोगणाचे हात द्यावयाचे. त्याखाली महोगनीचा जो तांबूस रंग खुलला, त्यावरून वाद्यास 'रेड स्पेशल' हे नाव पडले.

येथवर ऐकून आमचे बंधू म्हणाले, 'छान. आणि अभ्यासाचे काय?' प्रश्न रास्त होता, आणि हकीकतीतही तो येतोच. ब्रायन लंडनच्या इंपीरियल कॉलेजात पदार्थविज्ञान शिकला, आणि सूर्याभोवतीच्या धूलिकणांवर १९७० पासून संशोधन करू लागला. त्याच वर्षी 'क्वीन' हा वाद्यवृंद उभा राहिला. काही काळ त्याने शाळेत गणितही शिकविले. पण गाण्याने जोर धरताच प्रबंध अर्धवट टाकला. ज्या पित्याने दोन वर्षे आपल्या हातांनी मुलाचे वाद्य घडविण्यास साहाय्य केले, त्याच पित्यास हे मुळीच रुचले नाही. दोघांमध्ये वर्ष-दीड वर्ष बोलणे बंद होते, असे मुलानेच पुढे सांगितले आहे. बापाने मुलास लाकूड दिले, अवजारे दिली, विद्या दिली. आणि त्यांतूनच मुलाने स्वतःची वाट काढली, तेव्हा ती बापास सोसेना. हा भाग आम्ही दोनदा वाचला. १९७७ साली मुलाने आईवडिलांस काँकर्ड विमानाने न्यूयॉर्कला नेले आणि मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील आपला जलसा ऐकविला. जलसा संपल्यावर, आता मला समजले, अशा अर्थाचे शब्द वडील बोलले. हॅरॉल्ड मे १९८८ साली वारले. प्रबंध मुलाने २००७ साली, साठाव्या वर्षी, पुरा करून डॉक्टरेट घेतली.

या वृंदाचा आपल्याकडील मुलखाशीही एक धागा आहे. त्यातील गायक फ्रेडी मर्क्युरी हा जन्माने झांझिबारचा पारशी, मूळचे नाव फारुख बलसारा. त्याचे शिक्षण आमच्या पाचगणीस सेंट पीटर्स शाळेत झाले. तेथेच तो पियानो शिकला व सोबत्यांसह पहिला वाद्यवृंद त्याने तेथेच काढला. १९६४ साली त्याचे कुटुंब झांझिबार सोडून इंग्लंडला गेले, ते नेमके त्याच फेल्टॅम उपनगरात. काही गल्ल्यांपलीकडे ही गिटार तेव्हा घडत होती. दोघांची गाठ मात्र पुढे पडली.

जून २००२ मध्ये राणी एलिझाबेथच्या राज्यारोहणास पन्नास वर्षे झाल्याच्या उत्सवात बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवरून ब्रायनने इंग्लंडचे राष्ट्रगीत वाजविले, ते याच वाद्यावर. मध्यंतरी १९९८ साली ऑस्ट्रेलियन कारागीर ग्रेग फ्रायर यांनी त्याची डागडुजी केली, इतकेच. तारा तो बोटाने वा नखीने छेडीत नाही. सहा पेनींचे जुने नाणे वापरतो.

हे सर्व ऐकून पाट खाली उतरला. नातवाची दांडी व पिकअप विकतचे आहेत. तेवढे कसब त्याच्या हाती नाही, आणि त्याने तसे आव आणलेही नाहीत. पण पाट त्याने स्वतः कापला, पटाशीने खाचा काढल्या, कानस व पॉलिश कागद यांनी कडा गोल केल्या. पॉलिशविषयी विचारण्यास आम्ही दोघे मिरजेस जाऊन आलो. तुणीचे लाकूड व पंढरपूरकडचे भोपळे यांतून सतारी घडविणाऱ्या एका वृद्ध कारागिराने स्पिरिटमध्ये विरघळविलेल्या चपड्या लाखेचे पातळ हात कसे द्यावेत, ते दाखविले, आणि बजाविले की पावसात हे काम करू नका. चिरंजीवांनी ते नेमके आषाढात केले! हवेतील दमटपणाने साऱ्या लाखेवर पांढुरके धुके पसरले. दोन दिवस तो कोणाशी बोलला नाही. मग सगळे घासून काढले आणि भाद्रपदात ऊन पडल्यावर पुन्हा हात दिले. आता तो पाट मधासारखा चमकतो.

झोपाळ्याच्या कड्यांची दोन भोके त्यात राहिली होती. आम्ही आगकाड्यांची आठवण दिली. एक त्याने बुजविले. दुसरे तसेच ठेवून त्याभोवती पॉलिश केले. वाद्य प्रथम वाजले त्या संध्याकाळी आमचे बंधू चष्मा पुशीत आले, खुर्ची ओढून बसले, आणि त्या भोकात करंगळी घालून म्हणाले, 'ही डावीकडची कडी. दादा या बाजूस बसत.'