वाड्यातलं स्वयंपाकघर, आजच्या चुलीसाठी

जुन्या वाड्याचं स्वयंपाकघर नव्याने करताना पहिली चूक भिंतीत होते. चुन्याचा गिलावा ओलसर दिसला की तो खरवडून सिमेंट थापलं जातं. चुनकळी भिजवून केलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू पुन्हा चुनखडी बनतो. पण तो सच्छिद्र राहतो, त्यामुळे भिंतीतली ओल वाफ होऊन बाहेर पडते. सिमेंट तिची वाट अडवतं. मग ओल आतच कोंडते, क्षार फुलतात आणि पोपडे सुटतात. म्हणून दुरुस्तीही चुन्यानेच करावी.

ओट्याला कडाप्पा शोभतो, यात वाद नाही. पण कडाप्पा काय, शहाबादी काय, दोन्ही चुनखडकच. लिंबू, चिंच, कोकमाचं आगळ सांडलं की आम्ल दगडाला खातं आणि फिकट डाग उरतो. लगेच पुसायला हवं. आंबट पदार्थांसाठी ओट्याचा एक भाग ग्रॅनाइटचा ठेवणं मला शहाणपणाचं वाटतं.

भांड्यांचं गणितही बदलतं. इंडक्शन शेगडीवर बिडाचा तवा उत्तम तापतो, तांब्या-पितळेची पातेली मात्र साध्या इंडक्शन शेगडीला ओळखताच येत नाहीत. त्यांच्यासाठी गॅस हवाच. कल्हई म्हणजे कथिल, ते 232 अंश सेल्सिअसला वितळतं. कल्हईचं भांडं रिकामं तापवू नका.

आणि पंगतीला जागा हवी म्हणून माजघराची भिंत पाडण्याआधी, तुळयांचा भार कोणावर आहे ते जाणकार अभियंत्याकडून तपासून घ्या.